संघर्ष व्यवस्थापन कक्ष, खोली नंबर अकरा

प्राचार्यांच्या सहीचं पत्र आलं तेव्हा उत्तरेश्वर सर स्टाफरूममध्ये डबा खात होते. पत्र वाचून संपेपर्यंत हातातला घास हातातच राहिला. 'विद्यार्थी संघर्ष व्यवस्थापन कक्षाच्या समन्वयकपदी आपली नियुक्ती करण्यात येत असून, विद्यार्थ्यांना आपापसांतील वाद विधायक मार्गाने हाताळण्यास सक्षम करावे व तसा सचित्र अहवाल सादर करावा.' सरांनी पत्राची मागची बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं. पत्र त्यांनाच होतं.

धक्का बसण्यासारखीच गोष्ट होती. बीडच्या त्या कॉलेजात सर सव्वीस वर्षं भूगोल शिकवत होते आणि भांडण म्हटलं की ते वाट बदलायचे. भाजीवाल्यानं एखादा सडका टोमॅटो टाकला तर त्याला बोलण्याऐवजी ते भाजीवालाच बदलत. असे भाजीवाले बदलत बदलत आता ते घरापासून चौथ्या गल्लीत भाजी आणायला जात होते. रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर देऊन टाकत आणि घरी येऊन वनमालाताईंना, म्हणजे पत्नीला, रिक्षावाल्याला आपण काय काय बोललो असतो ते सविस्तर सांगत.

एकाच माणसाशी त्यांचं वाकडं होतं. इतिहासाचे विजयसिंह सर. गेली सहा वर्षं दोघांमध्ये एका शब्दाचंही बोलणं झालं नव्हतं. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच लोखंडी कपाटाच्या दोन बाजूंना दोघं बसत आणि अडलंच काही तर 'प्रति, विभागप्रमुख, इतिहास' असं जावक क्रमांक घालून पत्र पाठवत. ते पत्र शिपाई म्हाळू कपाटाला वळसा घालून चार पावलं नेऊन देई आणि पोच घेऊन येई. पण उत्तरेश्वर सरांच्या मते हे भांडण नव्हतं. ते तत्त्व होतं. तत्त्व आणि भांडण यांत फरक असतो. तो काय असतो, हे त्यांना अजून कुणी विचारलं नव्हतं.

सर तसेच उठून प्राचार्यांकडे गेले.

"मूल्यांकन समिती मार्चमध्ये येतीय," प्राचार्य म्हणाले. "तोपर्यंत दोन तरी भांडणं मिटलेली पाहिजेत. आणि फोटो जिओटॅगचे पाहिजेत, सर. भांडतानाचा एक, मिटल्यावरचा एक."

"पण साहेब, भांडतानाचा फोटो..."

"समिती पुरावा मागते."

कक्षाला खोली मिळाली ती अकरा नंबरची. तिच्या दारावर आधीच समुपदेशन कक्ष, तक्रार निवारण कक्ष, माजी विद्यार्थी मंडळ आणि योग केंद्र अशा चार पाट्या होत्या. आत मात्र तीन पायांचा एक बाक आणि गॅदरिंगचा जुना पडदा होता. पाचवी पाटी लावायला जागा नव्हती, म्हणून ती दाराच्या वरच्या झडपेवर लागली आणि वारा आला की आपटू लागली.

सरांना विद्यापीठात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. तिथून ते एक पिशवी, एक पेन आणि एक पत्रक घेऊन परतले. पत्रक खरोखर चांगलं होतं. एकजण बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, 'बरोबर का?' विचारायचं, आणि तो 'बरोबर' म्हणाल्यावरच आपलं उत्तर द्यायचं. माणसावर बोलायचं नाही, घडलेल्या गोष्टीवर बोलायचं. 'तू नेहमीच' आणि 'तू कधीच' हे शब्द वापरायचे नाहीत. सरांनी ते पत्रक टाइप करून घेतलं, लॅमिनेट केलं आणि अकरा नंबरच्या भिंतीवर लावलं. ते वाचायला मात्र कुणी येईना. पोरं भांडत नव्हती असं नाही. कॅन्टीनमागं रोज भांडत होती. पण सर तिकडे गेले की भांडण थांबायचं आणि पोरं "नमस्कार सर" म्हणायची. सरांनी हळूच मोबाइल काढला तर हसून पोझही द्यायची.

शेजारच्या तात्याबांनी हे ऐकलं. तात्याबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे माणसांच्या भांडणाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता.

"सर, भांडण असं बोलावून येत न्हाई," ते कंपाउंडवरून म्हणाले. "तुमी एका बाकावर तिघं बसवा. माझ्या गाडीत रोज व्हायचं."

शेवटी एक भांडण आपल्या पायांनी चालत आलं. तृतीय वर्षाची तेजश्री रोज नेकनूरहून एसटीनं यायची. जाकीरच्या वडिलांचं बसस्टँडजवळ मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन तो होता. चाचणीची वेळ बदलल्याचा निरोप त्यानं ग्रुपवर टाकला तो रात्री. तेजश्रीच्या वस्तीवर रेंज नव्हती. ती सकाळी आली तर चाचणी होऊन गेलेली. तिनं ग्रुपवर लिहिलं की जाकीरनं हे मुद्दाम केलं. जाकीरनं तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

उत्तरेश्वर सरांना इतका आनंद झाला की तो त्यांना लपवता येईना. दोघांना त्यांनी अकरा नंबरमध्ये बसवलं आणि चाळीस मिनिटं प्रस्तावना केली. संघर्ष निसर्गातही असतो, दोन भूखंड एकमेकांवर आदळले म्हणूनच हिमालय उभा राहिला, असं सांगून ते विद्यार्थीदशेकडे वळले. तेजश्रीनं दोनदा तोंड उघडलं. सरांनी दोनदा हातानं थांबवलं.

"सर, माझे दहा मार्क..." ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"मार्कांपेक्षा मैत्री मोठी असते," सर म्हणाले. "आता हात मिळवा." मग त्यांच्या लक्षात आलं की मुलगा आणि मुलगी हातात हात घेऊन उभे असलेला फोटो बीडमध्ये काय काय करू शकेल. "नको नको! नमस्कार करा. एकमेकांना. थोडं हसून."

फोटो निघाला. प्राचार्यांनी तो 'आपल्या महाविद्यालयात संघर्ष मिटला' असं लिहून स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या वर्गानं पाहिला. तेजश्रीला जबरदस्तीनं नमस्कार करायला लावला, असं तिच्या मैत्रिणींचं म्हणणं पडलं. जाकीरला गुन्हेगारासारखं उभं केलं, असं त्याच्या मित्रांचं. दुसऱ्या दिवशी वर्गाचे दोन ग्रुप झाले होते, एक 'बीए थर्ड ओरिजिनल' आणि दुसरा 'बीए थर्ड खरा'. वर्गात मधली रांग मोकळी सोडून दोन्ही बाजूंना दोन पक्ष बसले. दोन माणसांचं भांडण सरांनी चाळीस मिनिटांत चौतीस माणसांचं केलं होतं.

त्यानंतर आठ दिवस सर मधल्या मोकळ्या रांगेकडे बघून शिकवत होते. नवव्या दिवशी वर्गात आले तर मधल्या रांगेत पोरं बसलेली. ग्रुप एक झालेला. तेजश्री आणि जाकीर पहिल्या बाकावर वहीत काहीतरी लिहीत होते.

सर थक्क झाले. "मिटलं?" त्यांनी विचारलं. "कुणी मिटवलं?"

"कुनी न्हाई सर," तेजश्री म्हणाली. "काल नेकनूरची गाडी दीड तास आली न्हाई. हा तिथं दुकानातून आलता चहा न्यायला. मी म्हनलं, ये इकडं, आज बोलूनच टाकू."

"मग?"

"मी बोल्ले. तर हा लगीच म्हनला, आगं पन मी... मी म्हनलं, थांब. त्या खोलीत भिंतीवर काय लिव्हलंय? आधी मी काय म्हनले ते सांग."

जाकीर मान खाजवत म्हणाला, "सर, तीन वेळा चुकलो. मी म्हणायचो, तू म्हणतीस मी नालायक हाय. ही म्हणायची, असं म्हणलेच न्हाई मी, परत सांग. चौथ्यांदा कळलं. हिला माझा राग नव्हता आलता, हिला मार्काची भीती वाटलीती. आन् मी निरोप उशिरा टाकला कारण अब्बा आजारी, मी नऊपर्यंत दुकानातच होतो. ते हिनं माझ्यासारखं बोलून दाखवलं तेव्हा मलाच कसंतरी झालं."

"आता रेंज न्हाई त्या पोरींना हा फोन करतो," तेजश्री म्हणाली. "आन् चाचणीच्या मॅडमनी माझी परत घेतली. आमी दोघं जाऊन बोल्लो."

ज्या पत्रकाकडे सरांनी आपल्या प्रस्तावनेच्या भरात पाहिलंसुद्धा नव्हतं, ते या पोरांनी एसटीची वाट बघत वापरलं होतं. सरांचा अभिमान जरा दुखावला, पण अहवाल डोळ्यांसमोर होता. त्यांनी तिथल्या तिथे दोघांना कक्षाचे विद्यार्थी प्रतिनिधी नेमलं. दोघांनीही मनावर घेतलं. पंधरा दिवसांत त्यांनी हॉस्टेलचं बादलीचं भांडण, लायब्ररीतल्या पंख्याखालच्या खुर्चीचं भांडण आणि कबड्डी संघाचं एक जुनं दुखणं अशी तीन प्रकरणं हातावेगळी केली. सर फक्त फोटो काढत होते. मग जाकीरनं दुकानातून एक पत्र्याचा डबा आणला, त्याला फट पाडली आणि दारावर टांगला. ज्याचं जे भांडण असेल ते त्यानं नाव न घालता लिहून टाकावं.

सोमवारी डबा उघडला. छत्तीस चिठ्ठ्या निघाल्या. सरांनी हात चोळले. छत्तीस! समिती काय, कुलगुरूसुद्धा येतील! त्यांनी पहिली चिठ्ठी मोठ्यानं वाचायला घेतली.

"'भूगोलाचे सर आणि इतिहासाचे सर बोलत नाहीत. त्यामुळे...'"

त्यांनी चिठ्ठी उलटी ठेवली. त्यांनी दुसरी उघडली. 'दोन सरांचं भांडण मिटवा.' तिसरी. 'उत्तरेश्वर सर × विजयसिंह सर.' चौथीत फक्त एका कपाटाचं चित्र होतं, दोन्ही बाजूंना एक एक टक्कल. छत्तीसपैकी दोन चिठ्ठ्या कॅन्टीनच्या वड्याबद्दल होत्या. बाकी सगळ्या ह्याच.

"हा... हा काय प्रकार आहे?"

तेजश्री खाली बघत होती, पण बोलायची थांबली नाही. "सर, आमचा बारवांचा प्रकल्प हाय. जिल्ह्यातल्या जुन्या, पायऱ्यांच्या विहिरींचा. पाण्याचं भूगोलात, बांधकामाचं इतिहासात. दोनी सरांच्या सह्या पायजेत. तुमी लिव्हलं, आधी इतिहास विभागानं सही करावी. त्या सरांनी लिव्हलं, आधी भूगोलानं. चार म्हैने फाइल म्हाळूमामाच्या हातात हाय. वीस तारखेला मार्क भरायची मुदत संपती. चौतीस जन नापास होतो आमी, सर."

सर तसेच घरी आले. वनमालाताईंना त्यांनी घडलेलं सांगितलं. माझ्या विद्यार्थ्यांनी! माझ्याच डब्यात!

"चौतीसच निघाल्या?" वनमालाताई पोळी उलटत म्हणाल्या. "मला ठाऊक असतं तर मी पण एक टाकली असती."

दुसरा धक्का त्यांना दुसऱ्या दिवशी बसला. पोरांनी विजयसिंह सरांनाही अकरा नंबरमध्ये समोरासमोर बसायचा निरोप दिला होता आणि त्यांनी येतो म्हणून कळवलं होतं. आता आपण गेलो नाही तर? समन्वयकच गैरहजर! सर गेले.

अकरा नंबरमध्ये पडदा झटकून अंथरला होता. तीन पायांच्या बाकाला जाकीरनं विटा लावल्या होत्या. एका टोकाला विजयसिंह सर बसले होते, उंच, मिशा पांढऱ्या झालेल्या. उत्तरेश्वर सरांच्या मनात आलं, ह्या कधी पांढऱ्या झाल्या? सहा वर्षं त्यांनी त्या माणसाकडे नीट पाहिलंच नव्हतं. दार लावलं. आत चौघंच. फोटो काढायचा नाही, असं जाकीरनं आधीच बजावलं होतं.

"सर, आधी तुमी," तेजश्री उत्तरेश्वर सरांना म्हणाली. "फकस्त काय घडलं ते. सर कसे हायेत ते न्हाई."

उत्तरेश्वर सर सरसावून बसले. सहा वर्षांत ते मनाशी हे भाषण इतक्या वेळा बोलले होते की पाठ झालं होतं. तरी आता बाहेर पडलं ते जेमतेम एवढंच. माझ्या पीएचडीचा सत्कार होता. प्राचार्यांसमोर, सगळ्या स्टाफसमोर तुम्ही म्हणालात, आमच्या नकाशेवाल्याला पण डॉक्टर केलं बुवा विद्यापीठानं. सगळे हसले. नऊ वर्षं लागली होती मला. मी घरी जाऊन जेवलो नाही.

आता विजयसिंह सरांना ते आपल्या शब्दांत सांगायचं होतं. "मी असं बोललो?" त्यांनी विचारलं.

"सर, उत्तर नंतर," जाकीर हळूच म्हणाला. "आधी सांगा, सर काय म्हणले."

"नऊ वर्षं खपून तुम्ही जे मिळवलं," विजयसिंह सर सावकाश म्हणाले, "त्याची मी चार लोकांत थट्टा केली. तुम्ही उपाशी झोपलात. बरोबर का?"

"बरोबर," उत्तरेश्वर सर म्हणाले. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं. ते सुख साधारण अर्धा मिनिट टिकलं.

"मला ते आठवतसुद्धा नाही," विजयसिंह सर म्हणाले. "खोटं सांगत नाही. चुकलंच माझं. पण मी अबोला धरला तो त्यासाठी नाही. तुमच्या सत्कारानंतर तीन आठवड्यांनी माझी आई गेली. सगळा स्टाफ घाटनांदूरला आला. म्हाळू आला. कॅन्टीनवाला आला. दादांनी, माझ्या वडिलांनी, मला विचारलं, तुझ्या शेजारी बसणारे ते भूगोलाचे सर दिसले नाहीत? मी म्हणालो, येतील. तेराव्यापर्यंत मी दाराकडं बघत होतो."

वर झडपेवर पाटी आपटत होती.

"सर," तेजश्रीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आता तुमी सांगा. सर काय म्हनले."

उत्तरेश्वर सरांनी तोंड उघडलं. वाक्य सोपं होतं. ते कुठल्याही पोराला सांगता आलं असतं. "तुमची आई गेली," ते म्हणाले, आणि थांबले. "तुमची आई गेली, आणि मी आलो नाही." पुढचं 'बरोबर का' त्यांच्या तोंडून निघेना. त्यांना माहीत होतं, बरोबर होतं. त्या दिवशी स्टाफची गाडी त्यांच्या दारात येऊन थांबली होती आणि पोट दुखतंय म्हणून त्यांनी आतूनच वनमालाताईंना सांगायला लावलं होतं. पोट दुखत नव्हतं.

"उत्तर द्यायचंय का सर?" जाकीरनं विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

विजयसिंह सरांनी फाइल ओढली आणि सही केली. उत्तरेश्वर सरांनीही केली. कुणाची सही आधी, हे कुणी पाहिलं नाही. चौतीस पोरं वाचली. दुसऱ्या दिवशी दोघांनी एकमेकांना "नमस्कार" म्हटलं, आणि म्हाळूला आपलं काम गेलं की काय अशी काळजी लागली.

गोष्ट इथं संपली असती तर अहवालाला शोभली असती. पण उत्तरेश्वर सरांना झोप येईना. तेराव्यापर्यंत दाराकडं बघणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यांनी ठरवलं, घाटनांदूरला जायचं. विजयसिंह सरांना सांगायचं नाही. सांगितलं तर ते नको म्हणतील, आणि नको म्हणाले नाहीत तर दिखावा होईल.

"दुखवट्याला जायचं म्हंजे नीट जावं लागतं," तात्याबांनी कंपाउंडवरून सल्ला दिला. "पांढरी कापडं घालायची. खांद्यावर पंचा. तोंड उतरवायचं. गेल्या गेल्या बोलायचं न्हाई, जरा उभं ऱ्हायचं. मग एकच म्हनायचं, लई वाईट झालं. बाकीचं आपोआप होतंय."

बुधवारी सरांनी रजा टाकली, पांढरे कपडे घातले, आणि अंबाजोगाईला गाडी बदलून भर दुपारी घाटनांदूरला पोचले. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात विजयसिंह सरांची धाकटी भावजय संगीता मिरच्या निवडत होती. सर दारात उभे राहिले. तोंड उतरलेलंच होतं, उन्हानं आणखी उतरलं. तात्याबांनी सांगितल्याप्रमाणे ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"कोन पायजे?" संगीतानं विचारलं.

"मी विजयसिंह सरांच्या कॉलेजातला, भूगोलाचा," सर हात जोडून म्हणाले. "फार वाईट झालं हो."

संगीताच्या हातातलं सूप पडलं. तिनं जी किंकाळी फोडली ती सरांना जन्मात विसरता येणार नव्हती. "आवो दादा! भाऊजी गेले वो!"

पुढच्या दोन मिनिटांत गल्ली भरली. शेजारच्या म्हाताऱ्या केशरबाईंनी ऊर बडवायला सुरुवात केली. कुणी विजयसिंह सरांना फोन लावत होतं. ते परीक्षेच्या सुपरव्हिजनवर होते आणि मोबाइल बंद होता. "बंद लागतोय!" हे ऐकून रडणं दुप्पट झालं. घरातून ऐंशीच्या पुढचे अमरसिंह दादा भिंत धरत बाहेर आले.

"माझा विजू?" म्हातारा म्हणाला.

"नाही!" उत्तरेश्वर सर आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं ओरडले. "नाही दादा! सर ठणठणीत आहेत! वर्गात आहेत! मी आईंसाठी आलोय! आई गेल्या ना!"

रडणं एकदम थांबलं.

"कुनाची आई?" केशरबाईंनी विचारलं.

"सरांची. तुमच्या... भिवराबाई."

"तिला जाऊन सा वर्सं झाली," केशरबाई म्हणाल्या. "तुमाला आज कळलं व्हय?"

"नाही. तेव्हाच कळलं होतं."

"मग तवा कावून आला न्हाईत?"

पन्नास माणसं बघत होती. पोरं भिंतीवर चढली होती. सरांना पोटदुखी आठवली, परीक्षेचं काम आठवलं, गाडी चुकल्याचंही सांगता आलं असतं. ह्या सगळ्या थापा त्यांच्या जिभेपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"मी रुसलो होतो," भूगोलाचे विभागप्रमुख म्हणाले.

अमरसिंह दादा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून कसलासा आवाज निघाला. आधी सगळ्यांना वाटलं ठसका लागला. म्हातारा हसत होता. हसता हसता खोकत होता, डोळे पुसत होता, आणि पुसलं तरी पाणी थांबत नव्हतं.

"बसा," ते म्हणाले. "संगीता, पानी आन गं. तुमी बाकीचे जा घरी. मानूस माझ्याकडं आलाय."

सर बाजेच्या कडेला बसले. माफ करा, म्हणाले. म्हाताऱ्यानं हात हलवला.

"तवा लई मानसं आलती," ते म्हणाले. "तेरा दिस घर फुलून गेलतं. मला कुनाचं तोंड सुदिक आठवत न्हाई. चौदाव्या दिशी सगळे गेले, त्ये गेले. आता तिचं नाव काढलं की पोरं म्हनत्यात, दादा, नका तरास करून घेऊ." त्यांनी बाजेवरून हात फिरवला. "आमी बावन्न वर्सं भांडलो, सर. रोज. बाज कुठं टाकायची, ज्वारी कवा काढायची, पोराचं नाव काय ठेवायचं. आता घरात सगळे माझं ऐकत्यात. मी म्हनलं बाज इकडं, तर इकडं. मी म्हनलं तिकडं, तर तिकडं. लई वंगाळ असतंय त्ये."

म्हातारा बोलत राहिला. भिवराबाई नवी नवरी असताना कशी भर उन्हात बारवेतून पाणी आणताना पडली आणि घागर फुटली नाही म्हणून कशी आनंदानं ओरडली, ते सांगू लागला.

"गावाबाहेरची ती बारव," म्हातारा म्हणाला. "पूर्वेकडून पायऱ्या असलेली."

सरांनी खूप आवरलं. प्रकल्पाची फाइल त्यांनी कालच तपासली होती आणि तीत ही बारवही होती. जागा, वेळ, माणूस, काहीही ह्याला योग्य नव्हतं. पण सव्वीस वर्षांचा भूगोल त्यांच्या तोंडातून बाहेर पडलाच.

"दादा, पायऱ्या उत्तरेकडून आहेत."

पाणी घेऊन आलेली संगीता दारातच थबकली. त्या घरात सहा वर्षांत दादांना कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं.

म्हातारा ताठ बसला. "काय म्हनला?"

"उत्तरेकडून. पोरांनी होकायंत्र लावून मोजलंय."

"आरं, मी ऐंशी वर्सं त्या बारवेचं पानी पेलोय! तुजं यंत्र मला दिशा शिकवतंय व्हय?" म्हाताऱ्यानं बाजेच्या लाकडावर थाप मारली. त्यांच्या गालांवर रंग चढला होता. "ऊन कुठून येतंय सकाळी? पायऱ्यांवर पडतंय का न्हाई? सांग!"

"पडतं, पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं सरकतो दादा, म्हणून..."

"सूर्य सरकतो! संगीता, ऐकलंस का, ह्यांचा सूर्य सरकतो!"

त्याच वेळी सरांचा फोन वाजला. विजयसिंह सर. सुपरव्हिजनहून बाहेर येऊन त्यांनी मोबाइल चालू केला होता आणि घरच्या एकोणचाळीस मिस्ड कॉलचे मेसेज पाहिले होते. शेवटचा मेसेज होता, 'भूगोलाचे सर घरी आलेत'.

"सर!" त्यांचा आवाज फाटला होता. "तुम्ही माझ्या घरी आहात? काय झालंय तिथं? कोण ओरडतंय?"

"दादा," उत्तरेश्वर सर म्हणाले.

"कुणावर?"

"माझ्यावर."

अमरसिंह दादा बाजेवरून उतरून चपला शोधत होते आणि भूगोलाच्या माणसाला आत्ताच्या आत्ता बारवेवर नेऊन पायऱ्या दाखवतो, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत होते. ते सगळं फोनमधून तिकडे बीडला पोचत असावं.

"बरं," विजयसिंह सर शेवटी म्हणाले. "मग जेवल्याशिवाय निघू नका."